रातच्याला कोण?

दुपारचे चार वाजलेत. बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर मी बसले आहे. समोर लिंबाखाली ट्रॅक्टर उभा आहे आणि त्याच्यामागे दोन ट्रॉल्या. पहिलीत बांबू, तट्टे आणि ताडपत्र्या कधीच लागल्यात. तिकडे गेल्यावर त्यांच्याच कोप्या उभ्या राहतील. दुसरीत आता घरं चढतायत. बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, वाकळा, हंडे, तवे, सरपणाच्या मोळ्या, डालगंभर कोंबड्या. दोन शेळ्या खालीच बांधल्यात, त्या शेवटी चढतील. कोजागिरी होऊन तीन दिवस झालेत. उद्या पहाटे इथून अकरा कोयते निघणार आहेत, कोल्हापूरच्या बाजूला.

कोयता म्हणजे इथं नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. जोडीने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पावसाळ्यात दुखण्याखुपण्यात, बी-बियाण्यात, एखाद्या लग्नात ती सरूनही गेलेली असते. मग दसऱ्यापासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. या हिशेबात मुलं कुठंच नाहीत. ट्रॉलीत मात्र ती असतात.

ओट्याच्या टोकाला शाळेच्या बाई टेबल टाकून बसल्यात. समोर हंगामी वसतिगृहाची यादी आहे. नाव, इयत्ता, आई-वडील कुठल्या कारखान्याला चालले, कधी परतणार. शेवटी एक रकाना आहे, तो छापलेला नाही. बाईंनी पट्टीने रेघ मारून तो स्वतः आखलाय, आणि वर लिहिलंय: घरी कोण?

वसतिगृह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खाटा आणि मोठं दालन येतं. इथं तसं काही नाही. दोन वर्गखोल्या, एक पोषण आहाराची खोली, मागे हापसा. मुलांनी सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायचं, दुपारची खिचडी आहेच, आणि रात्री आपापल्या आजीकडे, चुलत्याकडे, आत्याकडे निजायला जायचं. आई-वडील परत येईपर्यंतचे हे सगळे महिने शाळा व्यवस्थापन समितीने चालवायचे. कायद्याप्रमाणे या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका. या वाडीच्या समितीतले बहुतेक पालक उद्या पहाटे ट्रॉलीत बसणार आहेत. त्यामुळे आजच्या बैठकीला त्यांच्या आया आल्यात. पाच-सहा म्हाताऱ्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्यात, आणि माझ्या मते ही खरी समिती आहे.

एक माणूस ओट्याखाली येऊन उभा राहतो. पायऱ्या चढत नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतो, पुन्हा घालतो.

"या की वर," बाई म्हणतात.

"न्हाई, बरंय इथंच. बाई, पोरीचं नाव घालू नका म्हणून सांगाया आलो."

त्याची मुलगी सातवीत आहे. या शाळेची ती शेवटची इयत्ता. मुलगी तिथेच, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी आहे. बाप बोलायला लागल्यावर ती खाली बघते, फरशीतल्या भेगेकडे.

बाई पेन खाली ठेवतात. "दादा, पुढच्या आठवड्यात तिची सत्राची परीक्षा आहे. आता नेलीत तर ती परत येईल तेव्हा वर्ष संपलेलं असेल."

"मला कळतंय की. पोरगी हुशार हाय हे बी कळतंय. दिसा शाळा हाय, दुपारी खिचडी हाय, संध्याकाळी तुमी जेवू घालताव. पर रातच्याला कोण?"

"तुमची आई आहे ना घरी."

"मायला दोन्ही डोळ्यांनी दिसंना झालंय. तिनं पोरीला सांभाळायचं का पोरीनं तिला? घर वस्तीच्या कडंला हाय. दाराची कडी बसत न्हाई. बाप तीनशे किलोमीटरवर. सांगा."

बाई काहीच सांगत नाहीत. मीही यादीवरून नजर वर उचलत नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. शिक्षक किती, खोल्या किती, पिण्याचं पाणी, मुलींचं वेगळं स्वच्छतागृह, सगळं त्यात नोंदलेलं आहे. शाळा घरापासून किती लांब असावी तेही ठरलंय: पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंत तीन. हे अंतर मोजताना घर जागेवर आहे असं धरलेलं असतं. इथे शाळा जागेवर राहते आणि घरच उठून जातं. या बापाने जे विचारलंय त्याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या बापाने ते विचारू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मुलीची आई मागून येते. कडेवर दीड वर्षाचा पोरगा, त्याच्या हातात बाजरीच्या भाकरीचा तुकडा. ती नवऱ्याकडे न बघता बाईंशी बोलते.

"बाई, खरं सांगू का? ती मला ह्याच्यापायी पायजे. फडात ह्याला कुठं ठिवू? सरीत निजवावं तर साप-इच्चू, बांधाला निजवावं तर ट्रॅक्टर मागं-पुढं करत्यात. आमी तीनला उठून फडात. ही असली म्हंजी ह्याला घिऊन कोपीवर थांबती, भाकरी करती, पाणी भरती. मला खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो."

फडावर पाळणाघर नाही म्हणून घरातली थोरली मुलगी पाळणाघर होते. गेल्या जानेवारीत मी सांगलीकडच्या एका कारखान्यामागे कोप्यांच्या वस्तीवर गेले होते. सकाळी दहाला तिथे एकही मोठं माणूस नव्हतं. आठ-नऊ वर्षांपासून बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुली होत्या आणि प्रत्येकीच्या कडेवर एक मूल. शाळेत का नाही गेलात विचारलं तर एकीने कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवलं होतं, मला एवढंही कळत नाही का, अशा चेहऱ्याने.

भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण घसा साफ करते. हिच्या नातवंडांची नावं मघाशीच यादीत लागलीत.

"म्या एक बोलू का?"

"बोला ना आजी."

"तुझी माय, मी आन् ही," शेजारणीच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणते, "आमी तिघी एका घरात निजतो. तुमच्याच घरात, ते मोठं हाय. एकीला दिसंना, एकीला ऐकू यीना, मला समदं हाय पर पाय न्हाईत. तिघीत मिळून एक धड बाई व्हती का न्हाई? पोरी समद्या मधी निजतील."

म्हाताऱ्या हसतात. बाप हसत नाही, पण टोपी पुन्हा काढतो. बायकोकडे बघतो. ती कडेवरच्या पोराचं तोंड पदराने पुसत राहते. दोघंही उत्तर न देता निघून जातात. मुलगी चौकटीपासून हललेली नाही.

बाई यादीत तिचं नाव लिहितात, पेनाने नाही, पेन्सिलने.

*

संध्याकाळी एक पत्रक भरलं जातं ते मात्र पेनाने. ते या मुलीच्या वर्गमैत्रिणीसाठी आहे. तिची आजी दोन वर्षांपूर्वी गेली, चुलते पुण्याकडे मजुरीला, घराला उद्यापासून कुलूप. म्हाताऱ्यांच्या घरात तिचीही सोय होईल असं बाईंनी तिच्या वडिलांना दोनदा सांगून पाहिलं. ते ऐकून घेतात आणि मान हलवतात. परक्या घरात मुलगी ठेवली तर भावकी काय म्हणेल, एवढंच सांगतात. बाईंनी फार ताणलं नाही. ताणून उपयोग नसतो, उलट पुढच्या वर्षी माणूस शाळेची पायरी चढत नाही, असं त्या मला नंतर म्हणतात.

हे शिक्षण हमी पत्रक. मुलगी कुठल्या शाळेची, कितवीत, तिला काय काय येतं, हे त्यावर लिहायचं. जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं आणि वर्गात बसायचं. दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा तिला परत पाठवू शकत नाही, कायदाच तसा आहे. बाई एकेक ओळ मोठ्याने वाचत लिहितात, म्हणजे बापालाही ऐकू जाईल.

"मराठी वाचन येतं. स्वतःच्या मनाने दहा ओळी लिहिते. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येते."

"गुणाकार पण," मुलगी म्हणते.

"अपूर्णांकांचा?"

"व्हय. भागाकार अजून न्हाई घेतला तुमी."

बाई लिहितात. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वडिलांकडे देतात. वडील ते घरी नेतात; मी बरोबर जाते. पत्र्याची पेटी पुन्हा उघडली जाते, रेशनकार्डाच्या खाली पत्रक जातं, वर आधारकार्डं, त्यावर लुगड्यात गुंडाळलेली देवाची तसबीर. पेटी बंद. मुलीला मी विचारते, तिथली शाळा कोप्यांपासून किती लांब असते?

"ते तिथं गेल्यावर कळतं. मागच्या साली सडकंच्या पल्याड व्हती. उसाच्या गाड्या लई असत्यात सडकंला."

*

सात वाजता पंगत बसते. आज वसतिगृहाचा पहिला दिवस. अडतीस ताटं. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, वरण-भात. स्वयंपाकाला गावातल्याच दोघी आहेत. त्यातली एक विधवा. गेल्या वर्षापर्यंत ती अर्धा कोयता म्हणून दिराच्या टोळीत जायची आणि तिची दोन्ही पोरं तिच्याबरोबर. यंदा ती भाकरी थापायला इथे थांबली, म्हणून पोरंही थांबली. ही दोन ताटं मी वेगळी मोजते. एका बाईला गावात काम मिळालं आणि दोन मुलांचं वर्ष वाचलं. शाळा वाढवायची म्हणजे दरवेळी खोल्याच बांधाव्या लागतात असं नाही.

वाढण्याचं काम मोठी मुलं करतात. ती पेन्सिलीतली मुलगी वरणाची बादली घेऊन फिरते आहे. पहिलीतला एक पोरगा भाकरी मोडत नाही. उद्या त्याची आई जाणार हे त्याला माहीत आहे. मुलगी त्याच्याजवळ खाली बसते, भाकरी कुस्करते, वर वरण ओतते, आणि पुढच्या ताटाकडे जाते. काही बोलत नाही. पोरगा थोड्या वेळाने खायला लागतो.

बाई मला त्यांची वही दाखवतात. अनुदान मागाहून येतं, तोवर किराणा उधारीवर. तेल, डाळ, मीठ-मिरची, बाजरी गावातून उसनी. दुकानदार ओळखीचा आहे, थांबतो. काही महिन्यांत स्वतःच्या पगारातूनही त्यांनी भागवलंय, पण ते त्या सांगत नाहीत, वहीत दिसतं. मला साताऱ्याची आठवण होते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली, आणि त्यांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रही. आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळांची नावं सांगतात. मला तो नेहमी कोठीघरातून सांगावासा वाटतो. गरिबाचं पोर वर्गात बसायच्या आधी कुणीतरी पीठ मळलेलं असतं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही हेच ओळखलं होतं. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर त्या शाळा घेऊन कुरणात गेल्या. वसईकडे वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा भरल्या, कारखान्यांवर साखरशाळा भरल्या. मूल असेल तिथे शाळा न्यायची, ही एक वाट. इथे दुसरी चालू आहे: मुलालाच जागेवर राहता यावं. दोन्ही लागतील. त्या पेटीतलं पत्रक घेऊन जाणारी मुलगी पहिल्या वाटेवर आहे, आणि तिकडे तिची वाट बघत कोण उभं आहे ते इथून दिसत नाही.

"हिच्या आठवीचं काय?" पेन्सिलीतल्या मुलीकडे बघत मी विचारते.

बाई कपाटातून एक अर्ज काढतात. २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, मुलांची निम्मी, मुलींची निम्मी. तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा हा अर्ज. "नाव सोडून सगळं भरून ठेवलंय," बाई म्हणतात. "पण आधी हे वर्ष पार पडू द्या. सातवीतून जी मुलगी एकदा फडात गेली, ती आठवीत येत नाही, तिचं लग्न होतं. जोडी झाली की नवा कोयता."

*

चंद्र वर आलाय. बाईंच्या खोलीच्या पायरीवर आम्ही दोघी बसलोय. वाडी झोपलेली नाही, पण बोलतही नाही. कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज, कुठेतरी म्हातारीचा खोकला. मग वस्तीच्या कडेकडून ठोकल्याचा आवाज यायला लागतो. ठक, ठक. थांबतो. पुन्हा ठक.

बाई कान देतात. "चला," म्हणतात.

त्या घरासमोर बाप दारापाशी उकिडवा बसलाय. चौकटीचं लाकूड वाळवीने पोखरलंय, कडीचा कोयंडा त्यात धरत नाही. त्याने बाभळीचा एक तुकडा तासून घेतलाय आणि पोखरलेल्या जागी तो बसवतोय. हातोडा नाही, कोयता उलटा धरून त्याच्या पाठीने खिळा मारतोय. मुलगी बॅटरी धरून उभी आहे. आम्ही आल्याचं त्याने पाहिलंय, पण तो काम थांबवत नाही.

बॅटरी मिणमिणते म्हणून मी माझ्या मोबाइलचा उजेड धरते. तीन खिळे. चौथा वाकतो, तो उपटून दगडावर सरळ करून पुन्हा मारतो.

"आतून लाव," तो मुलीला म्हणतो.

मुलगी आत जाते. दार लागतं. कडी पडल्याचा आवाज येतो. बाप बाहेरून दाराला खांदा लावतो आणि जोर करतो, एकदा, दोनदा, मग सगळं अंग टाकून. दार हलत नाही.

"आता उघड."

आत, चुलीच्या उजेडात, आई पेटीवर बसून जुन्या लुगड्याचे दोन पदर शिवतेय. झोळी आहे. मी विचारत नाही, पण तीच सांगते. "बांधाच्या झाडाला बांधीन ह्याला. मधून मधून येऊन बघीन. एखादी मोळी कमी पडंल, पडंल. चोवीस साली दर वाढला म्हणत्यात चौतीस टक्के. तेवढी मोळी त्याच्यात गेली समजायचं."

म्हातारी सासू अंधारात बोलते, "त्याच्या टोपड्याला नाडी लाव. उघडं डोकं ठिवू नको उन्हात." आई हूं म्हणते आणि दोरा दाताने तोडते.

*

पहाटे चारला नारळ फुटतो. ट्रॅक्टरच्या उजेडात धूळ दिसते आणि धुळीत माणसं. शेळ्या चढवल्या जातात, एक ओरडत राहते. बापाने घराच्या भिंतीवर कोळशाने मोबाइलचा नंबर लिहिलाय, आकडे मोठे मोठे, म्हातारीला दिसत नाहीत तरी. तो बाईंपाशी येतो. या वेळी अगदी जवळ येतो.

"दिवाळीला येणं व्हत न्हाई आमचं. तिला कपडे..."

"बघते मी," बाई म्हणतात.

"तसं न्हाई. पैसे ठिवलेत मायपाशी. तुमी फक्त बाजाराला न्या."

आई मुलीच्या केसांवरून हात फिरवते, मग फणी मागते, आणि सगळे चढून बसलेले असताना, ट्रॅक्टर सुरू असताना, उभ्या उभ्या तिची वेणी घालून देते. घट्ट. कुणी तिला घाई करत नाही, मुकादमसुद्धा नाही. मग ती झोळी खांद्यावर टाकते आणि वर चढते.

वर्गमैत्रीण दुसऱ्या ट्रॉलीत पोत्यांवर बसलीये. मांडीवर दप्तर. दोघी मुली एकमेकींकडे बघतात. वरची म्हणते, "भागाकार घेतला की मला सांग. आईच्या फोनवर." खालची मान हलवते. ट्रॉल्या हलतात, लाल दिवे डोंगराच्या वळणापर्यंत दिसतात.

साडेदहाला हजेरी होते. बाई गेलेल्या वर्गमैत्रिणीच्या नावापाशी थांबतात, पुढे जातात. मग हंगामी वसतिगृहाची यादी उघडून पेन्सिलीच्या नावावरून पेन फिरवतात. शेवटच्या रकान्यात लिहितात: तीन आज्या. भागाकार मात्र त्या आज घेत नाहीत. उजळणी घेतात. का, ते मी विचारत नाही.

संध्याकाळी पंगतीत सदतीसच जण आहेत. पहिलीतल्या पोराला ताप आलाय, ही पेन्सिलवाली मुलगी त्याच्यासाठी पेज घेऊन जाते आणि मग घरी येते. आज मीही तिथेच निजणार आहे. अंधार पडता पडता दोन म्हाताऱ्या वाकळा बगलेत मारून येतात, मागे पाच मुली. दारात चपलांचा ढीग होतो. कोण कुणाशेजारी यावरून थोडी भांडणं होतात. जिला ऐकू येत नाही ती आजी भिंतीकडे, जिला दिसत नाही ती दाराकडे, कारण तिचे कान तिखट आहेत. हे त्यांनीच ठरवलंय. जी पाय नाहीत म्हणाली होती ती मधोमध बसून मुलींची डोकी मोजते.

"समद्या आल्या का? मग लाव गं."

मुलगी उठते. कडी नव्या कोयंड्यात थोडी अडते. ती दार जरासं वर उचलते, खांद्याने रेटते, आणि कडी पडते. बाहेरून कुणी नाही म्हणून ती स्वतःच आतून दार ओढून बघते, एकदा, दोनदा, मग सगळं अंग मागे टाकून.

"बसली," ती म्हणते, आणि दिवा बारीक करून वही उघडते.